पाय बघून टाका

माळावर बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी सांगतो, काही नाही. हल्ली विचारणारे वाढलेत. बार्शीकडून, सोलापूरकडून लोक येतात, गळ्यात हातभर लांब कॅमेरे, परंड्यात चहाला थांबतात आणि माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणतात, काका, इकडं पाखरं कुठं दिसतील? मी त्यांना धरणाकडं पाठवतो. थंडीत तिथं बदकं उतरतात, उंच टांगांचे करकोचे असतात, फोटो झकास येतात. लोक खूश होतात, परत जाताना हात करून जातात. सोनारीच्या बाजूला एका गावाचं गायरान आहे, तिथं मात्र मी कुणाला पाठवत नाही. आधी पाठवत नव्हतो, कारण बायकोची तशी ताकीद होती. आता पाठवत नाही, कारण पाठवण्यासारखं तिथं काही राहिलं नाही.

बायको गेल्या वर्षी चैत्रात गेली. हे लिहायला बसलोय ते तिच्यापायीच, पण मला गोड लिहिता येत नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

मी मोटारी भरतो. म्हणजे विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी जळाल्या की त्या उघडायच्या, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तार भरायची. मिसरूड फुटल्यापासून हेच करतोय. उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. लाइट कमी-जास्त होते, मोटारी पटापट जळतात, आणि पिकाचं पाणी तुटलेला माणूस दुकानात येऊन अक्षरशः उरावर बसतो. अशा ऐन सीझनमध्ये ही बाई सकाळी उजाडायच्या आत दारात चप्पल घालून उभी. हातात पिशवी, पिशवीत सूप. म्हणायची, चला. मी म्हणायचो, कुठं? तिला माहीत, मला माहीत, तरी रोज विचारायचो. माळावर, दुसरीकडं कुठं?

हे खूळ तिला उशिरा लागलं. पोरगा पुण्याला नोकरीला लागला, घरात आम्ही दोघंच उरलो. मी दिवसभर दुकानात. शेजारच्या बायका देवाधर्माला लागल्या, कुणी भिशीत रमल्या. हिचं मन कशातच रमेना. मग एक दिवस म्हणाली, मला माझ्या माळावर न्या. तिच्या माहेरच्या गावाचं ते गायरान. लहानपणी तिनं तिथं शेळ्या राखल्या होत्या. मुरमाड जमीन, पायाच्या घोट्याएवढं गवत, मधे मधे उघडे खडक आणि वर नुसतं आभाळ. झाड म्हणाल तर एकही नाही. मी स्कूटर उभी केली, सगळीकडं बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढ्यासाठी दुकान बंद ठेवून आलो?

मी तसाच तरातरा पुढं निघालो तर तिनं मागून माझा सदरा धरला. "पाय बघून टाका," म्हणाली. मला वाटलं साप आहे. साप नव्हता. तिनं बोट न दाखवता, नुसती हनुवटी हलवून खाली बघायला सांगितलं. मला खडेच दिसले. ती म्हणाली, त्यातले दोन खडे न्हायेत, अंडी हायेत. तरी मला दिसेनात. मग त्या दोन खड्यांवर ऊन पडलं आणि ते इतर खड्यांपेक्षा जरा गोल दिसले, तेव्हा कुठं मला पटलं. माझा पाय त्यांच्यापासून वीतभर लांब होता. झाडावर घरटं असतं एवढंच मला माहीत. असं उघड्यावर, ना काडी ना पान, कुणी पोरं सोडतं का? मी म्हणलं, यांची आई येडी आहे काय? ती म्हणाली, आई शहाणी हाय, म्हणून तर तुम्हाला दिसली न्हाय.

पाखरं बघायची तिची एक पद्धत होती. माळाच्या मधोमध एक बसका खडक आहे, त्याच्याशी ती पाठ टेकून बसायची. मातकट रंगाचं लुगडं, डोक्यावर पदर. सूप मांडीवर घ्यायची आणि गहू निवडायला लागायची. नुसतं बसायचं नाही. ती म्हणायची, नुसतं टक लावून बसलेल्या माणसाला पाखरू भितंय, त्याला वाटतं हा मलाच खायला बसलाय. कामात असलेल्या माणसाला ते भीत न्हाय. शेळ्या राखताना तिला हे कळलं होतं. दोरी वळत बसलं, गोवरी थापत बसलं, की पाखरं पायापाशी येतात. मलाही तिनं कामाला लावलं. मी जळक्या तारा घेऊन जायचो आणि त्यांची वेटोळी सोडवत बसायचो. आमच्याकडं कुणी लांबून बघितलं असतं तर म्हणलं असतं, हे नवरा-बायको घर सोडून इथं काय संसार मांडून बसलेत?

पण पाखरं यायची. ते डोंबारी नावाचं इवलंसं, आभाळात वर चढायचं आणि शीळ घालत दगड सोडल्यागत खाली यायचं, पार जमिनीला टेकतंय की काय असं वाटेपर्यंत. माळटिटवी यायची, तिच्या डोळ्यापाशी पिवळी लोंबती कातडी. पण हिचा खरा जीव होता तो एकाच पाखरावर. विटकरी अंग, पांढरे उंच पाय, भुवईला काळी-पांढरी रेघ. ते थोडं पळायचं आणि एकदम थांबायचं. परत पळायचं, परत थांबायचं. कॅमेरेवाल्यांनी मला नंतर त्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं, धाविक. आमची ही त्याला घाईवाली म्हणायची. का, तर गॅस बंद केला का नाही हे मधेच आठवून बाई जशी थबकते, तसं ते थबकतं. माझ्या पहिल्या दिवशीची ती अंडी घाईवालीचीच होती. दर साली होळीच्या सुमाराला ती जोडी तिथंच कुठंतरी अंडी घालायची, खडकापासून हाकेच्या अंतरावर.

तिचे नियम कडक होते. अंडी दिसली तर तिथं खुणेचा दगड ठेवायचा नाही, काडी रोवायची नाही. कावळ्याला खुणा कळतात. अंड्यांपाशी थांबायचं नाही. आणि गावात सांगायचं नाही, भावालासुद्धा नाही. एकदा मी उन्हानं वैतागलो आणि म्हणलं, इथं एखादं लिंबाचं झाड तरी लावायला पाहिजे होतं कुणीतरी, बसायला सावली झाली असती. तिनं सूप खाली ठेवलं. असं काही मी आयुष्यात परत बोलू नये, अशा नजरेनं बघितलं. "झाड आलं की कावळा येतो, शिक्रा येतो," ती म्हणाली. "वर बसून त्यांना सगळा माळ दिसतो. मग माझ्या घाईवालीनं पिल्लं कुठं लपवायची? ह्या माळाला झाड न्हाय, म्हणून ती हाय." तिला माझ्याशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आलो की दोघं ओसरीवर बसून कपड्यातली कुसळं काढायचो. माळाच्या गवताची कुसळं असली वाईट की धुतली तरी निघत नाहीत, एकेक चिमटीनं ओढावी लागतात. माझ्या विजारीची ती काढायची, तिच्या लुगड्याच्या काठाची मी. मी शिव्या देत काढायचो. आता कुणी मला विचारलं की तुमच्या संसारातली सुखाची वेळ कोणती, तर ती कुसळं काढायची वेळ. त्या वेळी हे कळत नव्हतं.

मग तिचं दुखणं निघालं. त्यातलं सगळं सांगत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की आता घरी न्या, त्यांना काय खावंसं वाटतं ते द्या. घरी आणल्यावर मी विचारलं, काय खातीस? ती म्हणाली, मला माळावर न्या. माझा मेहुणा, तिचा धाकटा भाऊ, गावात शेती करतो, त्यानं त्याचा पिकअप आणला. मागं गादी टाकली, तिला उचलून ठेवलं. भावाचा जीव होता बहिणीवर. लहानपणी तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला.

खडकापर्यंत तिला चालवेना. पिकअप माळाच्या कडेला उभा करून आम्ही तिथंच बसलो. सूप तिनं मागितलं, पण हात चालेनात, म्हणून नुसतं मांडीवर ठेवलं. बऱ्याच वेळानं घाईवाली दिसली. पळाली, थांबली, पळाली, आणि एका जागी जाऊन हळूच बसली. हिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. अंडी होती म्हणजे. मेहुणा मोबाइलवर बोलत होता, त्याला काही कळलं नाही. परत येताना तिनं माझ्या कानात सांगितलं, आता मला येणं व्हायचं न्हाय, तुम्ही जाऊन बघत जा. पिल्लं निघाली की मला सांगा.

मग मी रोज गेलो. दुकानात मोटारींची रांग लागलेली, गिऱ्हाइकं नावं ठेवायला लागली, पण मी सकाळी एकटाच माळावर, खडकाला पाठ लावून, हातात तारेची वेटोळी. आणि एका सकाळी घाईवाली उठली तर तिच्या पोटाखाली काहीतरी हललं. मातीच्या रंगाचे दोन गोळे, पाय फुटलेले. मी स्कूटर कशी हाणली मला माहीत नाही. घरात शिरलो तर चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती. ती खिडकीकडं तोंड करून पडली होती.

"निघाली," मी म्हणलं.

"किती?"

"दोन."

"उन्हात हायेत?"

"आईच्या पोटाखाली हायेत."

ती म्हणाली, मग बरं झालं. आणि डोळे मिटून घेतले, झोप लागल्यागत. त्याच आठवड्यात ती गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. आमच्याकडं हल्ली राख नदीत सोडत नाहीत, सोडायला नदीला पाणी तर पाहिजे. खड्डा घेतात, राख त्यात घालतात आणि वर झाड लावतात. रीत चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. माझ्या आईची राख अशीच बांधावरच्या आंब्याला घातली, त्याचे आंबे आम्ही खातो, खाताना आईची आठवण काढतो. मेहुणा म्हणाला, दाजी, ताईला माळ लई आवडायचा. थोडी राख आम्हाला द्या, तिच्या खडकापाशी वड लावू. भावानं बहिणीची राख मागितली तर कोण नाही म्हणेल? मी एवढंच म्हणलं की गावाजवळ लावा, विहिरीपाशी लावा, वडाला तिथं पाणी मिळेल. तो म्हणाला, विहीर आवडायची व्हय तिला? मी थोडी राख त्याच्या हातात दिली. डोकं जाग्यावरच नव्हतं.

अख्खं गाव आलं. लेकीचं गाव ते. बायका आल्या, म्हातारी माणसं काठी टेकत आली, मुंडासं बांधलेली, टोपी घातलेली, सगळी. रस्त्यापासून खडकापर्यंत वाट अशी काही नाही, माणसं जिकडून जागा मिळेल तिकडून चालत होती. आणि माझ्या मनात एकदम आलं की ती दोन पिल्लं अजून इथंच आहेत. आई उडून गेली असेल, पण ती दोघं दबून बसली असतील, माती होऊन बसली असतील, पाय पडेपर्यंत हलायची नाहीत.

"पाय बघून टाका!" मी ओरडलो. "अरे पाय बघून टाका रे!"

लोक थबकले. मग दोघातिघांनी येऊन मला धरलं. मेहुण्यानं मिठीच मारली. कुणीतरी म्हणालं, रडू द्या त्यांना, मोकळं होऊ द्या. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. मी सांगत होतो की इथं पिल्लं आहेत, आणि ते मला पाणी पाजत होते. राख खड्ड्यात घातली, वर वडाचं रोप लावलं, घागरभर पाणी ओतलं. तिथंच, ती पाठ टेकायची त्या खडकाला लागून. पिल्लांचं काय झालं मला माहीत नाही. मी शोधली नाहीत. शोधायची तर मलाच माळ तुडवावा लागला असता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. एक रोप आहे, वाळलं तर वाळलं. पण आषाढात पोराचा पुण्याहून फोन आला. पप्पा, मामानं ठरवलंय, मम्मीच्या नावानं त्या माळावर जंगल उभं करायचं. सगळं गाव राबणार आहे. मम्मीला पाखरं आवडायची ना, तर पाखरांसाठी झाडं. मी म्हणलं, कुणी सांगितलं हे? तो म्हणाला, सांगायला कशाला पाहिजे? त्याला वाटलं मी हरखून जाईन.

मी तसाच मेहुण्याच्या घरी गेलो. आधी बायको होती तेव्हा दाजी म्हणून मी तिथं तोरा मिरवायचो, चहात साखर कमी आहे म्हणून तोंड वाकडं करायचो. त्या दिवशी चहा तसाच ठेवला. सांगितलं त्याला सगळं. खडे, अंडी, घाईवाली, कावळा, शिक्रा. तुझ्या बहिणीला ह्या माळावर एक झाड नको होतं. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण मला दिसत होतं की आत काही शिरत नाही.

"दाजी, पाखरं झाडावरच बसत्यात की," तो म्हणाला.

"ही नाय बसत."

"मग कुठं बसत्यात?"

"खाली. मातीत."

तो माझ्याकडं बघत राहिला. माणसाचं दुःखानं काहीतरी झालंय असं वाटलं की जसं बघतात, तसं. मग त्याचेच डोळे भरले. म्हणाला, दाजी, तिचं दुखणं चाललं होतं तेव्हा मी काय केलं? गाडी आणली, दुसरं काय? दिवाळीला साडीचोळी, एवढंच आजवर दिलं. तिनं मला कडेवर वाढवलं. आता मला तिच्यासाठी काहीतरी करू द्या, माझ्या हातानं करू द्या. त्यानं माझे दोन्ही हात धरले. ह्या माणसाशी भांडायचं कसं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही. दुष्ट असता तर कॉलर धरली असती.

श्रावणात जेसीबी लागला. खड्ड्यांच्या रांगा ओढल्या, मुरूम उपसला, लिंब, करंज, चिंच, पिंपळ, जे मिळेल ते लावलं. बोअर घेतला, ठिबक अंथरलं, भोवती तार ओढली. शेळ्यांना बंदी केली, रोपं खातात म्हणून. शेळ्या गेल्या, कुसळाचं जुनं गवत मागं पडलं आणि पाण्यावर आलेलं मऊ गवत गुडघ्याला लागलं. घाईवालीला आखूड गवत लागतं, चरलेलं, तरच तिला पळता येतं, हे माझी बायको सांगायची. शेळ्या राखलेली बाई ती. तारेच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली, खाली रंगवलेला पोपट. पोपट! त्या माळानं जन्मात पोपट बघितला नसेल.

यंदा होळीनंतर मी गेलो. सूप घेऊन गेलो, गहू घेऊन. खडकाला पाठ टेकली तर वडाची पानं मानेला लागत होती. रोप छातीएवढं झालं होतं. निवडत बसलो. गहू निवडून झाला, परत मिसळला, परत निवडला. ऊन डोक्यावर आलं. घाईवाली आली नाही. पुढच्या दिवशी आली नाही, त्याच्या पुढच्याही. डोंबारी नाही, माळटिटवी एकदा वरून ओरडत गेली, उतरली नाही. ठिबकाच्या पाइपवर कावळे ओळीनं बसले होते. बुलबुल होते, साळुंक्या होत्या, होला होता. हे सगळे माझ्या परंड्यातल्या परसात पेरूवर असतात, त्यांच्यासाठी इतक्या लांब यायला नको. गावातली माणसं कौतुकानं यायची आणि म्हणायची, बघा दाजी, पाखरं किती वाढली. खोटं नव्हतं ते. मोजली तर वाढलीच असतील. मी हो म्हणायचो आणि खाली बघायचो. विजारीला एक कुसळ नव्हतं.

आणि मग वैशाखात मेहुणा दुकानात आला. पिकअपमधून मोटार उतरवली. माळावरच्या बोअरची, जळालेली. म्हणाला, दाजी, दुसऱ्याकडं न्यायचं मनात आलं न्हाय. तिच्या झाडांची मोटार तुमच्याच हातची पाहिजे.

मोटार मी आत नेऊन ठेवली. त्यानंतर तिला हात लावला नाही. मुद्दाम लावला नाही, होय. वैशाखातलं ऊन आहे, मुरमाड माळ आहे, आठ-पंधरा दिवस पाणी तुटलं तर बहुतेक रोपं माना टाकतील. मला काही करायचं नव्हतं. नुसतं काही न करता बसायचं होतं, आणि कुणाला संशयसुद्धा आला नसता. सीझन आहे, तार मिळेना, काम तुंबलंय. मेहुण्याचा फोन आला की मी हेच सांगायचो. रात्री पडल्या पडल्या माळ डोळ्यापुढं यायचा, वाळलेला, उघडा, आखूड गवताचा. झाडं गेली की कुंपण जाईल, शेळ्या येतील, आणि शेळ्यांच्या मागून घाईवाली येईल. मला एवढंच पाहिजे होतं. बायको परत येणार नव्हती, पाखरू येऊ शकत होतं.

मग मी बघायला गेलो. झाडं किती वाळली ते बघायला गेलो, दुसरं कशाला? दुपार टळलेली. कुंपणापाशी स्कूटर लावली तर समोरून बायकांची रांग येत होती. डोक्यावर घागरी, खाली चुंबळ, गावातल्या विहिरीवरून पाणी घेऊन माळ चढत होत्या. माझ्या बायकोच्या वयाच्या, एक-दोन तिच्याहून मोठ्या. तिच्याबरोबर शेळ्या राखलेल्या. एकीच्या पायात चप्पल नव्हती, पाय भाजतात म्हणून ती उड्या मारत चालत होती आणि घागर हिंदकळत होती. मला बघून हसल्या. म्हणाल्या, दाजी, सगळ्याच झाडांना कुठलं पुरायला, पण आमच्या मैत्रिणीचा वड आम्ही वाळू द्यायचो न्हाय. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप. तुम्ही काळजी करू नका.

बिनचपलेच्या बाईनं घागर वडाच्या बुडाशी ओतली आणि रिकाम्या हातानं पानांवरची धूळ पुसली. पोराच्या तोंडावरून हात फिरवावा तशी.

त्या रात्री मोटार उघडली. जळकी तार काढली, खाचा साफ केल्या, नवी तार भरायला बसलो. तार खाचेत बसवताना एक चूक केली असती, एक टोक जरा सैल सोडलं असतं, तर महिनाभरात परत जळाली असती. ते मला येतं. पण मला चांगलंच काम येतं, वाईट करायचं म्हणलं की हात ऐकत नाहीत. पहाटे ती मोटार अशी तयार झाली की आता दहा वर्षं तिला मरण नाही.

सोडायला मी स्वतः गेलो. मेहुण्यानं मोटार बोअरमध्ये सोडली, बटण दाबलं, आणि पाणी आलं. ठिबकाच्या नळ्या फुरफुरल्या. बायका टाळ्या वाजवून हसल्या, घागरी पालथ्या घालून त्यांवर बसल्या. मेहुण्यानं मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, आज तायडी असती तर. मग सगळे चहाला गावात गेले. मी म्हणलं, तुम्ही व्हा पुढं, मी येतो.

मी खडकापाशी जाऊन बसलो. सूप आणलं होतं, मांडीवर घेतलं, पण गहू आणायचा राहिला होता, म्हणून नुसतंच धरून बसलो. वडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडत होतं आणि माती काळी होत चालली होती. त्या मातीत ती होती. वर फांदीवर कावळा येऊन बसला, त्यानं मान वाकडी करून सगळा माळ एकदा बघून घेतला. मी त्याला हाकललं नाही.

तिनं सांगितलं होतं, पिल्लं निघाली की मला सांगा. गेल्या वर्षी मी सांगितलं होतं. यंदाचं सांगायचं राहिलं होतं, आणि तिला खोटं कधी चालायचं नाही.

"निघाली," मी म्हणलं.

विचारायला ती नव्हती, म्हणून मीच सांगितलं.

"दोन. आईच्या पोटाखाली हायेत."

मग उठलो, सूप पिशवीत घातलं आणि गुडघाभर गवतातून स्कूटरपर्यंत आलो. खाली आता काही नव्हतं. तरी सगळी वाट मी पाय बघूनच टाकला.